जुनं पुस्तक रद्दीत जात नाही: २ स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

बऱ्याच वर्षांनी पुन्हा डंजन्स अँड ड्रॅगन्स (पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा खेळ) खेळायचं म्हणून तुम्ही त्याचं २०१४ चं नियमांचं पुस्तक, प्लेयर्स हँडबुक, घेऊन दादरला आमच्याकडे आलात. हे पुस्तक आता चालत नाही, २०२४ चं नवीन घ्यावं लागेल, असं काउंटरवर सांगितलं गेलं. टेबलावर तुमच्या पात्राचे, म्हणजे पॅलाडिनचे (शपथ घेतलेला योद्धा), नियम मध्येच बदलले. चार तासांत एक लढाईसुद्धा संपली नाही आणि तुम्हाला कल्याणची लोकल पकडायला अर्ध्यावरून उठावं लागलं. नवीन पुस्तक म्हणजे चित्रं बदलून पैसे काढायचा प्रकार, असंही तुम्ही लिहिलंत. पहिल्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि चूक आमची आहे. चौथीबद्दल माझं मत वेगळं आहे.

काउंटरवरचं आधी. टेबलाने २०१४ चे नियम ठरवले तर तुमचं पुस्तक पुरेसं आहे, एक रुपयाही खर्च करायला नको. नव्या नियमांनी खेळायचं असेल तरी आधी एसआरडी ५.२ (मूळ नियमांची मोफत पुस्तिका) बघा. एप्रिल २०२५ मध्ये ती क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आली, पीडीएफ फुकट मिळते. त्यात प्रत्येक क्लासची (पात्राचा पेशा) एकच सबक्लास (त्यातली शाखा) आहे, पण नवीन नियम झेपतात का ते दोन-तीन सेशनमध्ये कळायला तेवढं बास. हे सांगणं काउंटरवरच्या माणसाचं काम होतं.

आता पॅलाडिन, कारण खरा घोळ तिथेच झाला. तुमच्या पात्राच्या आकड्यांचा कागद मी नंतर पाहिला. स्ट्रेंग्थच्या चौकटीत २० लिहून खोडलंय, वर १८ लिहिलंय, आणि खोडून खोडून तिथला कागद विरलाय. झालं असं: जुन्या पुस्तकात माणूस वंशाच्या पात्राला सहाही अॅबिलिटींना (स्ट्रेंग्थसारख्या मूळ क्षमता) +१ मिळतो. नव्या पुस्तकात हे आकडे वंशाकडून काढून बॅकग्राउंडकडे (पात्राचं पूर्वायुष्य) दिलेत: एकीला +२ आणि दुसरीला +१, किंवा तिघींना +१. आमच्या डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) दोन्ही धरले. मूळ १५, जुना १, नवा २, चौथ्या लेव्हलचे २, झाले २०. चूक लक्षात आल्यावर त्याने नवे २ काढले. इथवर ठीक. पण तेव्हा तुम्ही पूर्णपणे जुन्या पुस्तकातले झालात आणि स्माइट (फटक्यात जादा डॅमेज घालायची पॅलाडिनची ताकद) मात्र तुम्हाला नव्या नियमाने करायला लावलं.

त्याची किंमत मोजता येते. जुन्या नियमात पाचव्या लेव्हलला दोन हल्ले, दोन्ही लागले तर दोन्हींवर स्माइट. दुसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट (जादूचा मोजका साठा) घातले की ६डी८, म्हणजे आठ बाजूंचे सहा फासे, जास्तीचं डॅमेज. नव्या नियमात डिव्हाइन स्माइट हा स्पेल (मंत्र) आहे आणि त्याला बोनस अॅक्शन (टर्नमधली एकच छोटी जादा कृती) लागते, म्हणजे एका टर्नमध्ये एकदाच, ३डी८. सरासरी १३.५ डॅमेज गेलं. ले ऑन हँड्सही (हात लावून उपचार) आता बोनस अॅक्शनवर आहे, त्यामुळे स्माइट आणि उपचार एकाच टर्नमध्ये होत नाहीत. याच्या बदल्यात नवा पॅलाडिन लाँग रेस्टमागे (मोठ्या विश्रांतीमागे) एक स्माइट स्लॉटशिवाय करतो, पाचव्या लेव्हलला फाइंड स्टीड (स्वारीचा प्राणी बोलावणारा स्पेल) एकदा फुकट मिळतो, दोन शस्त्रांची वेपन मास्टरी (शस्त्राची खास करामत) मिळते आणि पहिल्याच लेव्हलला एक ओरिजिन फीट (सुरुवातीचं खास कौशल्य). यातलं काहीही तुम्हाला दिलं नव्हतं. दोन्हीकडून नुकसान झालं, म्हणून राग बरोबर आहे.

लढाई रेंगाळली त्याचं मुख्य कारण तुमच्या शेजारचा फायटर. त्याच्या कुऱ्हाडीला टॉपल ही वेपन मास्टरी आहे: फटका लागला की समोरच्याने कॉन्स्टिट्यूशन (चिवटपणा) सेव्ह, म्हणजे वाचण्यासाठीचा फासा, टाकायचा, नाहीतर आडवा. पाचव्या लेव्हलला दोन हल्ले, अॅक्शन सर्ज (त्या टर्नला एक जादा कृती) वापरला तर चार, म्हणजे एका टर्नमध्ये चार जादा सेव्ह. प्रत्येक वेळी डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) नव्याने मोजत बसले. तो बदलत नाही: ८, प्रोफिशियन्सीचे ३, स्ट्रेंग्थचे ४, एकूण १५. कार्डावर आधी लिहून ठेवला की संपलं. त्यात ग्रॅपलवरून (समोरच्याला धरून ठेवणं) वाद झाला. जुन्या पुस्तकात दोघांनी फासे टाकून तुलना करायची. नव्यात समोरचा स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटीचा सेव्ह टाकतो. दोघेही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर होते. एका टेबलावर नियमांचा एकच संच हवा, आणि तो ठरवणं आमची जबाबदारी होती.

पण नुसती चित्रं बदललीत हे मला पटत नाही. एक्झॉशनच (थकव्याचे नियम) घ्या. पूर्वी सहा पायऱ्यांचा तक्ता उघडावा लागायचा. आता प्रत्येक पायरीला डी२० च्या (वीस बाजूंच्या) फाशातून २ वजा आणि वेग ५ फूट कमी. क्युअर वूंड्स हा उपचाराचा स्पेल १डी८ वरून २डी८ झालाय. हीलिंग पोशन बोनस अॅक्शनमध्ये पिता येतं, त्यामुळे जखमी माणसाची टर्न वाया जात नाही. माझ्या मते पुन्हा खेळायला लागणाऱ्यासाठी हे नियम सोपे आहेत. तुमच्याकडची जुनी अॅडव्हेंचर (खेळायची तयार कथा) तशीच चालवा, फक्त त्याच नावाचा मॉन्स्टर २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये असेल तर आकडे तिथले घ्या. जुनी सबक्लास पहिल्या किंवा दुसऱ्या लेव्हलपासून सुरू होत असेल तर ती तिसऱ्यापासून धरा. जुना वंश घेतलात तर त्याचे +१, +२ सोडून द्या. तुमच्या कागदावर नेमकं हेच राहिलं होतं.

टेबलावरच्या पुस्तकाची पानं सुटली होती असंही तुम्ही लिहिलंत, तेही खरं. पावसाळ्यातली ओल लागली होती. ती प्रत काढून टाकली आहे.

त्या दिवशी घेतलेलं नवीन पुस्तक परत करायचं असेल तर बिल नसलं तरी आणा, पूर्ण पैसे मिळतील. टेबलाचे पैसेही परत देतो. पुढच्या शनिवारी खेळायचं असेल तर अर्धा तास आधी, साडेतीनला या. २०१४ की २०२४ ते तुम्ही सांगा, टेबल त्याच नियमांवर लावतो आणि पॅलाडिन कोऱ्या कागदावर पहिल्या लेव्हलपासून पुन्हा उतरवून देतो. लढाई आठला थांबवू, म्हणजे गाडी चुकणार नाही.