जूनमध्ये डिसेंबरचं दूध : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'डॅशबोर्डचं काम करायचं असेल तर सरळ विंडोजचं मशीन घ्या' असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. (डॅशबोर्ड म्हणजे आकड्यांचे आलेख एका पडद्यावर दाखवणारा फलक.) त्यावर तुम्ही लिहिलंत, की हा सल्ला दहा वर्षं शिळा आहे, टॅब्लो हे आलेख बनवण्याचं सॉफ्टवेअर मॅकवर केव्हाचं चालतं, बाकीचं सगळं ब्राउझरमध्ये होतं, आणि माझ्यासारख्यांमुळेच ऑफिसांत लिनक्स या विंडोज-मॅकसारख्याच ऑपरेटिंग सिस्टीमला कुणी दारात उभं करत नाही. शेवटचं जरा लागलं, पण असो.

टॅब्लोचं आधी कबूल करतो. मी ते 'मुळात विंडोजचं' म्हणून मोकळा झालो होतो, ते चूक. 8.2 ही आवृत्ती 2014 साली आली आणि टॅब्लो डेस्कटॉप मॅकवर थेट चालू लागलं. 2018 च्या जानेवारीत 10.5 बरोबर आलेख इतरांना दाखवणारा टॅब्लोचा सर्व्हरही लिनक्सवर आला. माझ्या डोक्यात त्याआधीचं चित्र बसलेलं होतं आणि न तपासता मी ते खरडलं. मात्र लिनक्ससाठी टॅब्लो डेस्कटॉप आजही नाही, हेही तुमच्या प्रतिक्रियेत यायला हवं होतं.

'सगळं ब्राउझरमध्ये होतं' हे मात्र मला मान्य नाही. रांधा, वाढा, उष्टी काढा यांतलं वाढणं तेवढं ब्राउझरने सोपं केलं. साहेब मोबाइलवर आलेख बघतात, त्यांना कुठली ऑपरेटिंग सिस्टीम आहे याच्याशी देणंघेणं नसतं. रांधणाऱ्याचं तसं नाही. मायक्रोसॉफ्टचं असंच आलेख-रिपोर्ट बनवणारं पॉवर बीआय डेस्कटॉप 2015 साली सर्वांसाठी खुलं झालं, तेव्हापासून ते फक्त विंडोजवर चालतं. आता ब्राउझरमध्येही रिपोर्ट बांधता येतो, हे खरं. पण ज्यांचा डेटा ऑफिसातल्याच सर्व्हरवर आहे, त्यांना तो ढगात, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, पोचवायला गेटवे (डेटा पुढे पाठवणारा प्रोग्रॅम) लागतो, आणि तो गेटवे विंडोजवरच बसतो. सगळं ऑफिस मॅकवर आणि कपाटाशेजारी एक जुना विंडोज पीसी रात्रंदिवस चालू, वर चिठ्ठी 'बंद करू नये', अशी जागा मी पाहिली आहे. सफाईवाल्या मावशींनी एकदा प्लग काढला, तर सकाळी सगळे आलेख कालच्याच आकड्यांवर अडकलेले.

मॅकवाल्यांना पूर्वी बूट कॅम्प होतं, म्हणजे मॅकवरच थेट विंडोज चालवायची सोय. 2020 च्या शेवटी ॲपलने स्वतःच्या चिप आणल्या, त्या मशीनवर ते नाही. मग पॅरलल्स (मॅकच्या आत विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) विकत घ्या, त्यात विंडोज घाला, दोन्हींचे पैसे भरा. एवढं करून तुम्ही शेवटी विंडोजवरच काम करता, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

पण माझ्या सल्ल्यामागचं खरं कारण वेगळं होतं आणि मी ते लेखात नीट सांगितलं नाही. एका दूध संस्थेचा डॅशबोर्ड मी करत होतो. रोजचं संकलन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), गाय-म्हैस वेगळी. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर), तारीख आपल्या पद्धतीने : आधी दिवस, मग महिना. जून 2024 चे आकडे आले तेव्हा माझा लॅपटॉप दुरुस्तीला होता, म्हणून दुसऱ्याच्या लॅपटॉपवर फाइल नव्याने बांधली. त्याचं रीजनल सेटिंग अमेरिकेचं होतं, म्हणजे आधी महिना, मग दिवस. झालं! 01/06 ते 12/06 या तारखा उलट्या वाचल्या गेल्या आणि दूध बारा महिन्यांच्या सहा-सहा तारखेला जाऊन बसलं. 06/06 तेवढी शहाणी, ती जागची हलली नाही. तेरा तारखेपासून पुढे सगळे एरर, आणि ते मी 'मशीनने पाठवलेला कचरा असेल' म्हणून गाळून टाकले! संस्थेत बिल दहा दिवसांचं. पहिल्या दहा दिवसांचं बिल जुळेना, तेव्हा सचिवांनीच विचारलं, "साहेब, डिसेंबरचं दूध आत्ताच कुणी घातलं?"

तुम्ही म्हणाल, हा दोष सेटिंगचा, विंडोजचा नव्हे. बरोबर. पण एकाच विंडोजच्या दोन लॅपटॉपांत हे होत असेल, तर तीन सिस्टीम मिसळल्यावर काय होईल? आता मी पॉवर क्वेरीत (पॉवर बीआयमधला डेटा साफ करायचा भाग) कॉलमचा प्रकार बदलताना 'युझिंग लोकेल' (तारीख कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायची ते) निवडून तिथे इंग्लिश (इंडिया) ठरवून टाकतो. ते त्या पायरीतच लिहिलं जातं, मग फाइल कुठल्याही मशीनवर उघडा. त्याहून बरं म्हणजे तारीख मुळातच 2024-06-05 अशी मागायची.

देवनागरीचं तर विचारूच नका. विंडोजवर निर्मला यूआय या फॉन्टमध्ये बसवलेली गावांची नावं मॅकवर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडतात आणि खाली उकार-ऊकार कापले जातात. तुमच्या लाडक्या लिनक्स सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट टाकलेला नसेल, तर स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं आणि पीडीएफ काढली की गावांच्या जागी चौकोनी डबे. कारण स्क्रीनवरचा फॉन्ट बघणाऱ्याच्या मशीनचा, पीडीएफमधला सर्व्हरचा. लोहित किंवा नोटो हा देवनागरी फॉन्ट टाकला की काम होतं. पण हे कळेपर्यंत अध्यक्षांच्या हातात डब्यांचा अहवाल गेलेला असतो.

एका बाबतीत मात्र तुमची बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे आणि तुम्ही ती मांडलीच नाहीत. ओपन सोर्सवाल्यांकडे (ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो) गंगा उलटी वाहते. डॅशबोर्ड बनवणाऱ्या ॲपाची सुपरसेटला विंडोजचा अधिकृत पाठिंबा नाही. तिथे विंडोजवाल्याने डॉकरची (प्रोग्रॅम बंद डब्यात घालून चालवायची) वाट धरायची. मेटाबेस हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर ही एक जार फाइल, मशीनवर जावा हा प्रोग्रॅम असेल तिथे चालते. लहान संस्थेने आज नव्याने सुरुवात केली आणि लिनक्स सांभाळणारा माणूस हाताशी असेल, तर मीही मेटाबेसच सुचवेन. त्या दूध संस्थेत तसा माणूस नव्हता. एक्सेल येणारे दोघे होते, म्हणून पॉवर बीआय.

मूळ लेखातलं टॅब्लोचं वाक्य आज दुरुस्त केलंय. 'सरळ विंडोजचं मशीन घ्या' च्या आधी 'पॉवर बीआय वापरणार असाल तर' एवढं जोडलंय. गेटवेचा परिच्छेद आहे तसाच आहे.