सवलत ओढ्याला द्या

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातला आंबिल ओढा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरला. सकाळी दुचाक्या एकमेकींवर चढलेल्या आणि चिखल पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत. अजूनही रात्री पावसाचा आवाज वाढला की मी उठून गॅलरीत जाते.

आमच्याकडे रेन वॉटर हार्वेस्टिंग आहे, म्हणजे गच्चीवरचं पावसाचं पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत जिरवायची सोय. त्याबद्दल महापालिकेच्या मिळकतकरात ५ टक्के सवलत मिळते, जोडीला सोलर किंवा गांडूळखत असेल तर १० टक्के. यंदा मे महिन्यात आम्ही शोषखड्ड्याचं झाकण उघडलं, तर आत काठोकाठ गाळ. गच्चीचं पाणी कित्येक पावसाळे थेट गटारात जात होतं आणि सवलत मात्र सुरूच होती. मला याची खरंच लाज वाटली.

पण खड्डा साफ असता तरी ती रात्र टळली नसती. पुण्याच्या पोटात काळा कातळ आहे, धो धो पाऊस तो पटकन जिरवत नाही. अशा वेळी ओढ्याची रुंदीच कामाला येते. वर कात्रजकडे कुणी पात्रात राडारोडा टाकला की खाली दांडेकर पुलापर्यंत सगळ्यांनी भोगायचं. मग सवलत एकेका इमारतीला का?

अमेरिकेत १९९० पासून कम्युनिटी रेटिंग सिस्टीम आहे. तिथे गुण मिळतात ते अख्ख्या गावाला: नदीकाठची जमीन मोकळी ठेवली, नाले साफ ठेवले, लोकांना वेळेत सावध केलं, की गुण. त्यावर गावातल्या पूरविमा घेतलेल्या घरांचा हप्ता ५ ते ४५ टक्क्यांनी कमी होतो. आणि काम चालू असल्याचं दरवर्षी दाखवावं लागतं. आपल्याकडे घरांचा पूरविमा फारसा कुणी काढत नाही, पण मिळकतकर आहे. ओढ्याच्या एका टप्प्यावरच्या सगळ्या सोसायट्यांना मिळून सवलत द्या, आणि तीही जूनआधी ओढ्याचं पात्र तपासून.

यात एक मोठी खोट राहते. अमेरिकेत विमा नसलेल्याला हप्त्यातली सूट मिळत नाही, तसं इथे ज्यांच्या नावावर करच नाही त्यांच्या हाती काही लागणार नाही. त्या रात्री ओढ्याकाठच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. अशा वस्त्यांना टक्केवारीचा काय उपयोग? तिथल्या बचत गटांना पावसाळ्याआधीच्या सफाईचे आणि रात्रीच्या पाळतीचे रोख पैसे मिळायला हवेत. पाणी चढतंय हे आधी त्यांनाच दिसतं.

येत्या सभेत मी हे मांडणार आहे. काठावरच्या इतर सोसायट्यांतून कुणी सोबत येणार असेल तर कळवा, एक रविवार ठरवून पद्मावतीपासून खाली ओढ्याकाठाने चालत जाऊ.