‘टेथर टाका, रुपये काढा’: पोकरवाल्यांच्या फॉरवर्डचा हिशेब

ऑगस्ट 2025 पासून पोकर खेळणाऱ्यांच्या टेलिग्राम आणि व्हॉट्सॲप गटांत एकच सल्ला वेगवेगळ्या शब्दांत फिरतोय. थोडक्यात असा: बंदी फक्त भारतीय कंपन्यांवर आहे, खेळाडूला कुणी हात लावू शकत नाही. परदेशी साइटवर टेथरने (डॉलरशी किंमत बांधलेल्या क्रिप्टोने) डिपॉझिट करा, जिंकलात की तेच टेथर पी-टू-पीवर (एक्स्चेंजवर एका माणसाने दुसऱ्याला थेट) विकून पाच मिनिटांत रुपये खात्यात घ्या. जीएसटी नाही, टीडीएस नाही, केवायसी नाही. साइट लायसन्सवाली आहे, पैसे बुडत नाहीत. आणि खाली एक लिंक. त्या लिंकवरून तुम्ही नाव नोंदवलंत, की तुमच्या रेकमधला, म्हणजे साइट डावांतून कापून घेते त्या कमिशनमधला, वाटा लिंक देणाऱ्याला मिळतो. हा शेवटचा तपशील फॉरवर्डमध्ये नसतो, म्हणून आधीच सांगितला.

सल्ला इतका चालतो, कारण त्यात थोडं खरंही आहे.

‘खेळाडूला हात लावू शकत नाहीत.’ 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्यात नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, हे बरोबर. पण ‘फक्त भारतीय कंपन्यांवर’ हे साफ चूक. भारताबाहेरून चालवल्या जाणाऱ्या सेवेलाही तो कायदा लागू आहे, आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद त्याने बाजूलाच ठेवलाय. पैसे लावून ऑनलाइन खेळ म्हटलं, की पोकरही त्यात आलं. खेळ पुरवणाऱ्याला आणि त्याच्या पैशांची ने-आण करून देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं, पन्नास लाख. जाहिरातीचं कलम ‘कोणतीही व्यक्ती’ असं म्हणतं आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष दोन्ही प्रकारची भुलावण त्यात धरतं. रेकच्या वाट्यासाठी लिंक पुढे ढकलणाऱ्या दादांनी ते एकदा शांतपणे वाचावं.

‘जीएसटी नाही, टीडीएस नाही.’ इथे खेळाडूंची मूळ तक्रार मला मान्य आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून डिपॉझिटच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आला. तुम्ही शंभर रुपये भरले, तर टेबलावर सुमारे 78 रुपयेच पोचायचे. बऱ्याच कंपन्या उरलेली रक्कम बोनसच्या रूपात भरून द्यायच्या, म्हणून ते जाणवायचं नाही इतकंच. टीडीएसबद्दल मात्र भलतेच समज आहेत. ‘प्रत्येक विड्रॉलवर तीस टक्के कापतात’ असं अजूनही ऐकतो. 1 एप्रिल 2023 पासूनचा नियम तसा नव्हता. आर्थिक वर्षात जेवढं काढलं, त्यातून जेवढं भरलं ते आणि वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक वजा करायची. उरलं तर त्यावर 30 टक्के. म्हणजे सुरुवातीची शिल्लक शून्य धरू. 50 हजार भरले आणि 30 हजार काढले, तर कपात नाही. पुढे आणखी 40 हजार काढले, तर एकूण काढलेले 70 हजार झाले, निव्वळ जिंकलेले 20 हजार, कपात 6 हजार. 31 मार्चला खात्यात पडून असलेली शिल्लकही काढल्यासारखी धरायची. ज्यांना हे ठाऊक नव्हतं त्यांना एप्रिलमध्ये धक्का बसायचा.

परदेशी साइट यातलं काही कापत नाही, हेही खरं. पण कापणारा नाही म्हणजे कर नाही, असं होत नाही. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकण्यावरचा 30 टक्के कर खेळाडूच्या माथ्यावर आहे, साइट कुरासाओ बेटाच्या लायसन्सची असो की आणखी कुठली. वर टेथर वापरलंत की दुसरं खातं उघडतं: क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर वेगळा 30 टक्के, आणि ठरावीक मर्यादेपुढे विक्रीच्या व्यवहारावर 1 टक्का टीडीएस. एका क्रिप्टोतला तोटा दुसऱ्या कशातून वळता करता येत नाही. कर चुकवण्याचा मार्ग म्हणून सांगितलेला हा रस्ता कराच्या दोन नाक्यांवरून जातो. फक्त नाक्यावर थांबायचं की नाही, ते तुमच्यावर सोडलेलं असतं. रिटर्न भरताना नंतर जुळवाजुळव करणाऱ्याला विचारा.

‘पाच मिनिटांत रुपये खात्यात.’ सगळ्यात जास्त माणसं इथे पोळतात, आणि फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेखही नसतो.

पी-टू-पीवर तुम्ही टेथर विकता तेव्हा रुपये एक्स्चेंजकडून येत नाहीत, कुणातरी अनोळखी माणसाच्या खात्यातून येतात. त्याच्या खात्यात ते कुठून आले, हे तुम्हाला दिसत नाही. समजा, नागपूरच्या एका निवृत्त बाईंना ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली फसवून पैसे उकळले गेले. ते दोन-तीन भाड्याच्या (मालकाने पैसे घेऊन दुसऱ्याला वापरायला दिलेल्या) खात्यांतून फिरले आणि त्यातले चाळीस हजार तुमच्या टेथरच्या बदल्यात तुमच्या खात्यात आले. बाईंनी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. पैशांचा माग खात्यामागून खातं असा काढला जातो आणि साखळीत येणाऱ्या खात्यांवर लीन लागतं, म्हणजे रक्कम अडवली जाते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 खाली पोलिसांना संशयित मालमत्ता ताब्यात घेता येते. बँक खातीही त्याखाली गोठवली जातात. सकाळी यूपीआय चालत नाही म्हणून बँकेत जाता, तेव्हा कळतं की खातं फ्रीज आहे आणि तक्रार परराज्यातल्या कुठल्यातरी सायबर ठाण्याची आहे.

पुढचा प्रश्न त्याहून अवघड. पोलीस विचारतात, ‘हे पैसे कशाचे?’ फ्रीलान्स काम करणारा इन्व्हॉइस दाखवतो, दुकानदार बिल दाखवतो. तुम्ही काय दाखवणार? देशात बंदी असलेल्या साइटवरचा विड्रॉल? तो खरा असला तरी तुमची बाजू भक्कम करत नाही. डिपॉझिटच्या वेळी तर उलटा प्रकार: टेथर नको असेल तर साइट एखादा यूपीआय आयडी देते, दर थोड्या वेळाने बदलणारा, कुठल्यातरी ट्रेडर्सच्या किंवा एंटरप्रायझेसच्या नावाचा. ती खातीही बहुतेक भाड्याचीच. तिथून आलेला विड्रॉलही त्याच गटारातून आलेला असू शकतो. टेथर वापरून तुम्ही फक्त गटाराचं झाकण बदललंत.

‘मग कार्डाने थेट परदेशी भरतो’ म्हणणाऱ्यांसाठी: लॉटरी, स्वीपस्टेक वगैरेंसाठी परदेशी पैसे पाठवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखालच्या 2000 च्या नियमांत आधीपासूनच मनाई आहे.

‘केवायसी नाही.’ डिपॉझिट करताना नाही. मोठा विड्रॉल टाकला की पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, सेल्फी सगळं मागतात, आणि व्हीपीएनवरून दुसऱ्या देशाचं भासवून खेळला असाल तर नियमभंगाचं कारण देऊन शिल्लक जप्तही करू शकतात.

‘लायसन्स आहे, पैसे बुडत नाहीत.’ फुल टिल्ट पोकरलाही लायसन्स होतं, ऑल्डर्नी बेटाचं, आणि जगातली ती दुसऱ्या क्रमांकाची पोकर साइट होती. 15 एप्रिल 2011 ला अमेरिकेच्या न्याय खात्याने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्युट पोकर या तिघांवर कारवाई केली. पोकरस्टार्सने आपल्या अमेरिकन खेळाडूंचे पैसे लवकरच परत केले, कारण ते वेगळे ठेवलेले होते. फुल टिल्टचं सप्टेंबरमध्ये उघडं पडलं: खेळाडूंचं देणं सुमारे 39 कोटी डॉलर, बँकेत सुमारे 6 कोटी. बाकी पैसे मालक-संचालकांत वाटले गेले होते.

त्यातला एक प्रकार डिपॉझिट-विड्रॉलचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा. 2010 च्या उत्तरार्धात अमेरिकन खेळाडूंच्या बँक खात्यांतून पैसे ओढणारे मध्यस्थ फुल टिल्टला मिळेनासे झाले. तरी साइट डिपॉझिट स्वीकारत राहिली. खेळाडूच्या स्क्रीनवर रक्कम जमा दिसायची, प्रत्यक्षात बँकेतून ती निघालेलीच नसायची. असे सुमारे 13 कोटी डॉलर हवेतले. लोक त्या पैशांवर खेळले, हरले, आणि जिंकणाऱ्यांनी ते खरे समजून विड्रॉल टाकले. पुढे 2012 मध्ये पोकरस्टार्सने फुल टिल्ट विकत घेऊन तडजोड केली, तरी अमेरिकन खेळाडूंना पहिले पैसे मिळायला 2014 उजाडलं. ॲब्सोल्युटवाल्यांना 2017. आणि हे अमेरिकेचं न्याय खातं मागे लागलं म्हणून. लॉक पोकर 2015 मध्ये विड्रॉल थकवून बंद पडली, तिच्या खेळाडूंसाठी असं कुणी आलं नाही.

लायसन्स-लायसन्समध्ये फरक असतो. ब्रिटनमध्ये साइटला तुमचे पैसे बुडण्यापासून किती सुरक्षित आहेत हे सांगावंच लागतं, आणि एप्रिल 2020 पासून तिथे जुगारासाठी क्रेडिट कार्ड चालत नाही. न्यू जर्सीत 2013 पासून ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे. एडिसनमधला मराठी माणूस तिथे बिनधोक डिपॉझिट करतो. त्याचा अनुभव ऐकून पिंपरीतल्या चुलतभावाने इथे टेथर विकत घेऊ नये. इथल्याला टेबलावर बसायचंच असेल तर पणजीत मांडवीवरची कॅसिनोची जहाजं आहेत: काउंटरवर चिप्स घ्यायच्या, उठताना काउंटरवरच वटवायच्या. जीएसटी तिथेही आहे, सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के, पण रुपया कुणाच्या खात्यातून आला हा प्रश्न उरत नाही.

ज्यांचं खातं आधीच फ्रीज झालंय त्यांनी ‘अनफ्रीज करून देतो’ म्हणणाऱ्या टेलिग्रामवाल्याला एक रुपयाही देऊ नये. बँकेकडून लेखी मागा: तक्रारीचा क्रमांक, ठाणं कुठलं, वादातली रक्कम किती. पी-टू-पी ऑर्डरचा क्रमांक, चॅट, समोरच्याचं नाव, टेथर पाठवल्याची नोंद, सगळं जपा. ॲप डिलीट करू नका. वादातली रक्कम चाळीस हजार असेल आणि बँकेने अख्खं खातं गोठवलं असेल, तर लीन तेवढ्या रकमेपुरतं ठेवा, असा अर्ज करा. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये बँकांना नेमकं हेच सांगितलं होतं. आणि अर्जात पोकरचं खरं कारण लिहायचं की नाही, हे वकिलाला विचारूनच ठरवा, गटाच्या ॲडमिनला विचारून नव्हे.