तिसऱ्या फेरीचा हिशेब

टी-ट्वेंटीच्या सामन्यात कर्णधाराने कोणते षटक कोणाला द्यायला हवे होते, हा वाद महाराष्ट्रात घरोघरी रंगतो. आयपीएलच्या संघांनी आकडेतज्ज्ञ नेमले आणि समालोचक ‘मॅचअप’ (कोणत्या फलंदाजासमोर कोणता गोलंदाज) हा शब्द उठता-बसता वापरू लागले, तेव्हापासून त्यात सरळसरळ दोन तट पडले आहेत. एका तटाला निर्णय आकड्यांवर हवे आहेत, तर दुसऱ्याचा विश्वास कर्णधाराच्या नजरेवर आहे. गंमत अशी की दोन्ही तट दाखला देतात तो अमेरिकेतल्या बेसबॉलचा. साताऱ्याचे माझे मामा फोनवर म्हणतात, “तुमच्याकडे बघ, सगळं हिशेबानं चालतं. आपल्याकडे अजून मनात येईल त्याच्या हातात चेंडू!” त्यांचाच मुलगा मागून ओरडतो की त्या हिशेबानेच तिकडच्या खेळाचा जीव घेतला. मी बोस्टनजवळ राहतो. इथे पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, कधी बदलावा हा प्रश्न पिढ्यानपिढ्या चघळला जातो, आणि तो ऐकून ऐकून माझे असे मत झाले आहे की घरच्या वादातले दोन्ही तट अमेरिकेकडून चुकीची साक्ष काढत आहेत.

आकड्यांच्या राज्याची सगळ्यात गाजलेली रात्र २७ ऑक्टोबर २०२० ची. टेक्सासमधल्या आर्लिंग्टन येथे वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना होता. लॉस एंजेलिस डॉजर्स ३-२ ने पुढे होते, त्यामुळे टँपा बे रेजला हा सामना जिंकणे भागच होते. रेजचा पिचर ब्लेक स्नेल त्या रात्री अक्षरशः कोणालाच दाद देत नव्हता. सहाव्या डावात (बेसबॉलमध्ये असे नऊ छोटे डाव असतात) एक बाद असताना डॉजर्सच्या ऑस्टिन बार्न्सने त्याला एक साधा सिंगल (एका तळापुरता फटका) मारला. तोवर स्नेलने ७३ चेंडू टाकले होते, नऊ जणांना स्ट्राइकआउट (फटका न बसता बाद) केले होते, दोनच हिट (यशस्वी फटके) दिले होते आणि एकालाही वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचा पहिला तळ) दिला नव्हता. संघ १-० ने पुढे होता. तरीही मॅनेजर (बेसबॉलमध्ये डावपेच ठरवणारा प्रशिक्षक) केव्हिन कॅश पायऱ्या चढून मैदानात आले. त्यांना येताना पाहून स्नेलच्या तोंडून निघालेली शिवी कॅमेऱ्याने टिपली. कॅश यांनी चेंडू त्याच्याकडून घेऊन निक अँडरसनकडे दिला. मूकी बेट्सने लगेच डबल (दोन तळ गाठणारा फटका) मारला, वाइल्ड पिचवर (भरकटलेल्या चेंडूवर) बार्न्स घरी आला, म्हणजे धाव झाली, आणि कोरी सीगरच्या ग्राउंडरवर (जमिनीलगतच्या फटक्यावर) बेट्सही आला. सामना ३-१ असा संपला आणि डॉजर्सनी १९८८ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले.

कॅश यांनी हे लहर आली म्हणून केले नव्हते. फलंदाजांची फळी एकाच पिचरला तिसऱ्यांदा भेटते तेव्हा त्यांचा खेळ सुधारतो, हे अनेक मोसमांच्या आकड्यांतून दिसलेले आहे. तोवर चेंडूचा वेग आणि वळण त्यांच्या ओळखीचे झालेले असते, शिवाय पिचरही दमलेला असतो. रेजचा संघ कमी पैशांत चालतो. लांब पल्ल्याचा पिचर महाग असतो आणि एखाद-दुसरा डाव टाकणारे चार रिलीव्हर (बदली पिचर) त्या मानाने स्वस्त पडतात, त्यामुळे स्नेलसारख्याला लवकर काढण्याच्या धोरणामागे विज्ञानाइतकीच काटकसरही होती. त्याच धोरणावर त्यांनी त्या छोट्या मोसमात ६० पैकी ४० सामने जिंकले होते. मामांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना वाटते की मी त्यांचीच बाजू घेतो आहे.

मी ती घेत नाही, कारण त्या रात्री आकडे दुसऱ्या बाजूलाही होते. बेट्स, सीगर आणि जस्टिन टर्नर हे पहिले तिघे स्नेलविरुद्ध सहा वेळा आले होते आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. ज्याला बोलावले तो अँडरसन मात्र त्या प्लेऑफमध्ये सामन्यामागून सामने धावा देत होता. त्यातच २०२० पासून नियम असा आहे की नव्या पिचरला किमान तीन फलंदाजांना सामोरे जावे लागते, किंवा फलंदाजी करणाऱ्या संघाची पाळी (अर्धा डाव) तरी संपावी लागते. म्हणजे अँडरसनची लय हरवलेली आहे हे पहिल्या चेंडूवर कळले असते तरी कॅश यांच्या हातात काही उरले नव्हते. हजारो सामन्यांच्या सरासरीचा आकडा त्यांनी धरला आणि डोळ्यांसमोरच्या दोन पिचरांचा सोडला. याला आकड्यांनी निर्णय घेणे म्हणत नाहीत.

दुसऱ्या तटाने मात्र यावर टाळ्या पिटू नयेत, कारण त्यांची रात्र बोस्टनकरांना तोंडपाठ आहे. १६ ऑक्टोबर २००३ रोजी न्यूयॉर्कमध्ये बोस्टनचे रेड सॉक्स आणि न्यूयॉर्कचे यँकीज यांच्यातल्या अमेरिकन लीगच्या (बेसबॉलच्या दोन लीगांपैकी एक) अंतिम मालिकेचा सातवा, निर्णायक सामना होता. रेड सॉक्सचा पेद्रो मार्टिनेझ हा त्या काळातला बहुधा सर्वश्रेष्ठ पिचर. सात डाव आणि शंभर चेंडू टाकून आकाशाकडे बोट दाखवत तो परतला, सोबत्यांनी त्याला मिठ्या मारल्या, आणि त्याचे काम झाले असे सगळ्यांना वाटले. आठव्या डावात मॅनेजर ग्रेडी लिटल यांनी ५-२ अशा आघाडीवर त्यालाच पुन्हा पाठवले. एक बाद झाल्यावर डेरेक जीटरने डबल मारला, बर्नी विल्यम्सने सिंगल मारून त्याला घरी आणले. तेव्हा लिटल माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, गेले. पुढे हिदेकी मात्सुई हा डावखुरा फलंदाज होता, आणि अॅलन एम्ब्री हा डावखुरा पिचर बुलपेनमध्ये (बदली पिचर सराव करतात तिथे) तयार होता. लिटल यांनी पेद्रोला विचारले की अंगात अजून दम आहे का. तो आहे म्हणाला, आणि लिटल एकटेच परत फिरले. दुसरे काय उत्तर येणार होते? अशा सामन्यात, अशा मैदानावर, त्या दर्जाचा कोणता खेळाडू ‘मला काढा’ म्हणेल? मात्सुईने डबल मारला, पाठोपाठ होर्हे पोसाडाचा अर्धवट बसलेला फटका क्षेत्ररक्षकांच्या मधोमध पडला, आणि ५-५ अशी बरोबरी झाली. पेद्रो १२३ चेंडू टाकून बाहेर आला. अकराव्या डावात अॅरन बूनच्या होमरनने (षटकारासारख्या फटक्याने) सामना संपला आणि काही दिवसांत लिटल यांची नोकरीही. १९१८ पासून विजेतेपदाची वाट पाहणाऱ्या या शहराला ते पुढच्याच वर्षी मिळाले, तरी माझ्या कार्यालयातले वयस्क सहकारी लिटल यांचे नाव आजही जेवणाच्या टेबलावर काढतात.

लिटल चुकले, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पोसाडाचा तो मेलेला फटका झेलला गेला असता तरी ते चुकलेच असते. घरच्या वादात नेमकी हीच गोष्ट हरवते. २४ सप्टेंबर २००७ रोजी जोहान्सबर्गला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनीने शेवटचे षटक जोगिंदर शर्माला दिले. पाकिस्तानला १३ धावा हव्या होत्या, शेवटची जोडी खेळत होती आणि हरभजनचे एक षटक शिल्लक होते. सुरुवातीलाच वाइड पडला, त्यानंतरच्या दुसऱ्याच चेंडूवर मिसबाहने षटकार मारला, आणि लगेच पुढचा चेंडू त्याने श्रीशांतच्या हातात दिला. तो स्कूप चार हात लांब गेला असता तर जोगिंदरचे नाव आपण शारजात शेवटच्या चेंडूवर षटकार खाल्लेल्या चेतन शर्माच्या शेजारी लिहिले असते. आज त्या निर्णयाला आपण दैवी अंतर्ज्ञान म्हणतो. हरभजनला मिसबाहने एका षटकात तीन षटकार ठोकले होते, हा साधा, व्यवहारी विचार मात्र कोणी आठवत नाही.

शिवाय दोन खेळांतली तुलना एका ठिकाणी मोडते, आणि त्याकडे घरी कोणी लक्ष दिलेले मी पाहिले नाही. बेसबॉलमध्ये बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला दोन षटकांनी थांबवून सोळाव्या षटकात पुन्हा आणता येते. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात क्लासेनच्या तडाख्यात अक्षर पटेलच्या षटकात २४ धावा गेल्या आणि दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा उरल्या, तेव्हा रोहित शर्माकडे बुमराहची दोन षटके शिल्लक होती. त्याने ती सोळावे आणि अठरावे म्हणून वापरली. त्यांत मिळून सहा धावा गेल्या, यान्सन बाद झाला, आणि मधल्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर हार्दिकने क्लासेनलाही काढले. शेवटच्या षटकासाठी बुमराह उरणार नाही, हे रोहितला ठाऊक होते. पण तिथवर सामना जिवंत राहील की नाही हाच मुळात प्रश्न होता. सूर्यकुमारच्या हातून मिलरचा झेल सुटला असता तर मामांनी मला रात्री दोनला फोन करून ‘अठरावे षटक’ या विषयावर तासभर ऐकवले असते.

अमेरिकेकडून घ्यायचेच असेल तर मी वेगळी गोष्ट घेईन. कॅश त्याच रात्री पत्रकारांपुढे बसले आणि त्यांनी कारण सांगितले: बेट्स आणि सीगरने स्नेलला तिसऱ्यांदा पाहू नये असे त्यांना वाटत होते. निकालाबद्दल त्यांना खंत होती, पण आपली विचारपद्धत बरोबर होती असेही ते म्हणाले. स्नेलनेही आपली निराशा उघडपणे बोलून दाखवली. लोकांनी कॅश यांना भरपूर फोडून काढले, पण त्यांनी दिलेल्या कारणाला धरून. नोव्हेंबरमध्ये त्यांना अमेरिकन लीगचे सर्वोत्तम मॅनेजर ठरवण्यात आले, कारण ते मतदान प्लेऑफच्या आधीच्या कामगिरीवर झालेले असते. आमचे कर्णधारही सामन्यानंतर बोलतात, पण आपण त्यांना विचारतो ते ‘दडपण किती होते’ एवढेच. अक्षरलाच पंधरावे षटक का, समोर फिरकीचा इतका चांगला खेळाडू असताना डावखुऱ्या फिरकीचा विचार नेमका काय होता, हे विचारले तर विचारणाराच देशद्रोही ठरायचा.

आयपीएलमध्ये २०२३ पासून आलेल्या इम्पॅक्ट प्लेअरच्या (सामना चालू असताना एक खेळाडू बदलण्याच्या) नियमामुळे हा प्रश्न आणखी टोकदार होत चालला आहे. ज्याच्या जागी बदली खेळाडू येतो तो त्या सामन्यात परत येत नाही, म्हणजे बेसबॉलची ही एक अट मागच्या दाराने क्रिकेटमध्ये आलीच आहे. रोहितला तो नियम पसंत नाही, असे त्याने स्वतः सांगितले आहे. अष्टपैलू खेळाडूंना त्यामुळे गोलंदाजी मिळत नाही, हे त्याचे कारण मला पटते. मामांना तो नियम मनापासून आवडतो, त्यांच्या मुलाला अजिबात नाही, आणि या एका बाबतीत मी मुलाच्या बाजूने आहे.