ड्यूसेनबर्गवर अन्याय झालाय

रोल्स रॉइसच्या फँटम २ गाडीवरचा तुमचा लेख मनापासून आवडला, पण ‘फँटम २ पुढे ड्यूसेनबर्ग “मॉडेल जे” म्हणजे नुसता दिखाऊपणा’ हे त्यातलं वाक्य अजिबात पटलं नाही. १९२८ साली आलेल्या त्या अमेरिकन गाडीचं इंजिन बघा: सरळ रेषेत आठ सिलिंडर, ६.९ लिटर, वर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. कंपनी २६५ अश्वशक्तीचा दावा करायची. रोल्स रॉइस तेव्हा आकडा सांगतच नसे.

ब्रेकचंही तेच. ड्यूसेनबर्गला चारही चाकांना हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक होते. फँटमचे मेकॅनिकल, त्यांना गिअरबॉक्सवर फिरणाऱ्या सर्व्होची, म्हणजे ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेची मदत, आणि तो सर्व्होही हिस्पानो-सुइझा या दुसऱ्या मोटार कंपनीच्या परवान्यावर घेतलेला. चालायचा मात्र झकास, हे मान्यच. शांतपणात आणि बारीकसारीक कामाच्या सफाईत फँटमच सरस, त्याबद्दल वादच नाही.

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्या ड्यूसेनबर्गचा उल्लेख हवाच होता! चॅसी (खालचा सांगाडा) अमेरिकेची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या बॉडी बांधणाऱ्या कंपनीची, रंग नारिंगी-काळा. ती लांबलचक टू-सीटर एकदा फोटोत तरी नीट बघा. तिला दिखाऊ म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.