रोग घेतला म्हणजे टेबलाला रोग लागत नाही

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' किंवा तसला कुठलाही फँटसी टेबलटॉप खेळ (टेबलाभोवती बसून, फासे टाकत एकेक पात्र वठवायचा) मांडायला बसलं, की कुणीतरी एक मत हमखास ऐकवतं. रोग (Rogue) हा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, मुळात चोर. लपल्याशिवाय त्याला धड वार करता येत नाही. कुलपं नि सापळे ही त्याची कामं आता जादूनेही होतात. तो एकटाच पुढे पळतो आणि रात्री सोबत्यांच्याच पिशव्या चाचपतो. तेव्हा नवख्याने रोग घेऊ नये, आणि डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, घेऊ देऊ नये.

देवनागरीत हे नाव लिहिलं की आधी आजारपणच डोळ्यांसमोर येतं, त्याला कुणाचा इलाज नाही. बाकी मतातलं फार थोडं नियमांपुढे टिकतं.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आणि सगळ्यात चुकीचा मुद्दा लपण्याचा. घोळ रोगच्या जादा नुकसान करणाऱ्या वाराच्या 'स्नीक अटॅक' (चोरटा वार) या नावाने घातलाय. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीचा नियम उघडून बघा. फिनेस प्रकारचं (चपळाईने चालवता येणारं) किंवा लांबून मारा करणारं हत्यार हवं. मग एकतर तुम्हाला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची मुभा) हवा, नाहीतर लक्ष्याचा दुसरा एखादा शत्रू त्याच्यापासून ५ फुटांच्या आत शुद्धीवर उभा हवा आणि तुमच्यावर डिसॲडव्हान्टेज (दोनांतला लहान आकडा घ्यायची सक्ती) नको. बस. लपणं हा ॲडव्हान्टेज मिळवायचा एक मार्ग, अट नव्हे.

पाचव्या लेव्हलची, म्हणजे अनुभवाच्या पाचव्या पायरीवरची, पार्टी (सोबत्यांचा गट) घेऊ. फायटर (समोरून लढणारा योद्धा) ओगर नावाच्या राक्षसाला जाऊन भिडला. रोग ४० फुटांवर, भरउजेडात, शॉर्टबो ताणून उभा. ओगर त्याच्याकडे बघतोय, तरी चालतं. बाण लागला की धनुष्याचा एक सहा बाजूंचा फासा, डेक्सटेरिटीचे (चपळाईचे) ४ आणि वर स्नीक अटॅकचे तसेच तीन फासे, म्हणजे सरासरी १८ नुकसान. त्या आवृत्तीत ओगरचे हिट पॉइंट (तो पडेपर्यंत सोसू शकणारं नुकसान) ५९. त्याच बाणाच्या वेळी फायटर दुसऱ्या कोपऱ्यात असता आणि ॲडव्हान्टेजही नसता, तर सरासरी साडेसात. फरक पडला तो फायटर कुठे उभा राहिला यामुळे. आपण शत्रूचं किती नुकसान करणार हे पटावर दुसऱ्याच्या पायाखालच्या चौकोनावरून ठरतं, अशा कॅरेक्टरला एकलकोंडं म्हणणं मला तरी जमत नाही.

शिवाय स्नीक अटॅक एका 'टर्न'ला (कुणा एकाच्या पाळीला) एकदा मिळतो, एका 'राउंड'ला (सगळ्यांच्या पाळ्यांच्या फेरीला) नव्हे. समोरचा पळायला लागला आणि तलवार घेऊन शेजारी उभ्या रोगला ऑपॉर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्यावर मिळणारा आयता वार) मिळाला, तर ती टर्न शत्रूची असते. अटी जुळल्या तर फासे पुन्हा पडतात. कित्येक वर्षं खेळणारेही हे वाक्य वाचायचं राहून गेलेले असतात.

हा गैरसमज हवेतून आलेला नाही, हेही सांगायला हवं. १९७८ च्या 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीत चोराला (रोगच्या तेव्हाच्या रूपाला) खरंच नकळत मागूनच वार करावा लागे आणि त्याबद्दल नुकसान दुप्पट, तिप्पट असं वाढत जाई. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत स्नीक अटॅक सुटसुटीत झाला, पण सांगाडे, झॉम्बी वगैरे अनडेडवर तो चालतच नसे. स्मशानातल्या मोहिमेत रोगचा खेळाडू हात चोळत बसायचा. ज्यांनी तेव्हा खेळायला घेतलं त्यांची तक्रार तेव्हा खरी होती.

आता 'नॉक' मंत्र. तो कुलूप उघडतो, शंकाच नाही. आणि उघडताना जो ठोका वाजतो तो ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो, हे मंत्राच्या वर्णनातच लिहिलंय. तिसऱ्या लेव्हलच्या विझार्डकडे (मांत्रिकाकडे) दुसऱ्या पातळीचे स्लॉट, म्हणजे असे मंत्र टाकायच्या संधी, दोनच. त्यातला एक दारावर घालवायचा आणि वर आतल्यांना निरोपही धाडायचा! सापळ्यांसाठीचा 'फाइंड ट्रॅप्स' तर त्याहून विनोदी: नजरेच्या टप्प्यात सापळा आहे, धोका साधारण कसला आहे, एवढं सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. रोगची अवजारं चालवायला स्लॉट लागत नाही. हां, चोराची अवजारं आता दुसऱ्या क्लासलाही बॅकग्राउंडमधून (पात्राच्या पूर्वायुष्यातून) मिळू शकतात, तेवढा मुद्दा मान्य.

'मुळात चोरच' म्हणणाऱ्यांनी थोडं मागे जावं. १९७४ च्या पहिल्या पेटीत क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन (योद्धा), मॅजिक-यूजर (मांत्रिक), क्लेरिक (पुजारी). चोर आला पुढच्या वर्षी, 'ग्रेहॉक' पुरवणीतून. तोवर सापळे शोधायचं काम सगळेच करत, लांब काठीने फरशी ठोकत. आणि आला तोही कसला उस्ताद? १९७८ च्या तक्त्यात पहिल्या लेव्हलच्या चोराची सापळा शोधण्याची शक्यता २० टक्के, सावलीत लपण्याची १०. खिसे कापण्याची मात्र ३०. मला वाटतं सोबत्यांच्या पिशव्यांची गोष्ट इथूनच सुरू होते. सांगाड्याला खिसा नसतो. पानावर छापलेलं कौशल्य माणूस कुठेतरी वापरून बघणारच, आणि अंधाऱ्या तळघरात खिसे असलेले लोक म्हणजे आपलेच सोबती.

आज तसा रकाना नाही. 'स्लाइट ऑफ हँड' (हातचलाखी) हे कौशल्य क्लेरिकही घेऊ शकतो. तरीही एखादा सोबत्यांना लुटत असेल, तर त्याच्या हातात पॅलाडिन (शपथबद्ध धर्मयोद्धा) द्या, तो मदतीची बिलं लावेल. हे बोलणं खेळाडूशी करायचं असतं.

एकट्याने पुढे जाण्याच्या तक्रारीत मात्र दम आहे. एक जण अर्धा तास बोळात सरपटतोय आणि चौघे फासे रचून मनोरे करतायत, हे मी डीएमच्या खुर्चीतून पाहिलंय. दोष माझाच होता. पुढे आम्ही रीत बदलली. रोग निघण्याआधी बाकीच्यांनी तीन प्रश्न द्यायचे, रोगने दोनदा फासा टाकायचा, आणि पाच मिनिटांत परत. एकदा तो उत्तरं घेऊन आला: आत तीन हॉबगॉब्लिन, एक झोपलेला, दाराच्या डाव्या हाताला घंटेचा दोर. आमचा फायटर उजवीकडून घुसणार होता. त्याने बाजू बदलली आणि दोराला पाठ लावून उभा राहिला. घंटा वाजलीच नाही. त्या संध्याकाळी रोगने शत्रूचं केलेलं नुकसान सगळ्यांत कमी होतं.

राहता राहिला नवखा. त्याला मंत्रांची यादी पाठ करायची नाही, स्लॉट मोजायचे नाहीत. टर्नला बहुतेक वेळा एकच मुख्य वार. दुसऱ्या लेव्हलपासून 'कनिंग ॲक्शन'मुळे बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीत) लपता येतं, धावता येतं किंवा ऑपॉर्च्युनिटी अटॅक न खाता निसटता येतं. मी नव्या खेळाडूच्या कॅरेक्टर शीटवर कोपऱ्यात पेन्सिलीने एवढंच लिहून देतो: 'माझ्या लक्ष्याच्या शेजारी आपलं कोण आहे?' कुणी नसेल, तर तो स्वतःच फायटरकडे वळून विचारतो, "दोन चौकोन पुढे येतोस का?"