जुन्या पीसीवर ट्रूनॅस कशाला?

जुन्या पीसीचा घरगुती स्टोरेज सर्व्हर (नॅस) करण्यावरच्या लेखात सरसकट सगळ्यांना ट्रूनॅस ही त्यासाठीची ऑपरेटिंग सिस्टीम सुचवलीय, ते काही पटलं नाही. त्याला किमान ८ जीबी रॅम लागते, शिवाय बूटची डिस्क अख्खी त्याच्याच नावावर जाते. ४, ६, ८ टीबीच्या विजोड डिस्क पडून असतील तर ओपनमीडियाव्हॉल्ट ही तशीच दुसरी सिस्टीम टाका, जोडीला मर्जरएफएस (सगळ्या डिस्क एकच असल्यासारख्या दाखवतं) आणि स्नॅपरेड (एखादी डिस्क बिघडली तर तिचा डेटा परत मिळवून देतं). पॅरिटीला (डेटा परत उभा करायला स्नॅपरेड साठवतं त्या माहितीला) सर्वांत मोठी, म्हणजे ८ टीबीचीच डिस्क द्यायची. सिंक (पॅरिटी ताजी करणं) रोज रात्री क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीला, लावा. दोन सिंकच्या मधे आलेल्या फाइलला संरक्षण नसतं. सिनेमे-फोटोंना हे चालतं, सतत बदलणाऱ्या डेटाबेसला अजिबात नाही. इंटेलच्या चिपवर हार्डवेअर ट्रान्सकोडिंग (ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओचा फॉरमॅट बदलून घेणं) चालू करताच जेलिफिन या मीडिया सर्व्हरमध्ये व्हिडिओ उघडेनासा झाला, तर आधी जेलिफिनचा युजर ‘रेंडर’ ग्रुपमध्ये (ग्राफिक्स चिप वापरायची परवानगी असलेल्या गटात) आहे का बघा. नसेल तर घाला आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.